दफनभूमीतील जागांची नोंद: वही, नकाशा आणि जमीन यांचा मेळ कसा घालावा

दफनभूमीच्या कार्यालयात येणारा माणूस बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो: माझ्या माणसाची कबर कुठे आहे? नोंदवहीत नाव सापडले, जागेचा क्रमांक मिळाला आणि त्या क्रमांकावर नेऊन उभे करता आले, तर कामाचा पहिला भाग झाला. दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण नोंद ठेवणाऱ्याने तो स्वतःला रोज विचारायला हवा: या विशिष्ट जागेत कोण आहे? बहुतेक जुन्या वह्या व्यक्तीच्या नावाने किंवा दफनाच्या तारखेने लिहिलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या देतात, दुसऱ्याचे देत नाहीत. तिसरा प्रश्न सर्वांत जोखमीचा असतो: ही जागा मोकळी आहे का? वहीत त्या क्रमांकापुढे काही लिहिलेले नाही, एवढ्यावरून तिथे कोणी नाही असे ठरवले, की पुढची चूक कुदळीने होते आणि ती कोणत्याही दुरुस्तीने पुसता येत नाही.

या लेखातील पद्धत एका नियमाभोवती बांधलेली आहे. नोंदीचा पाया व्यक्ती नसून जागा असावी, आणि प्रत्येक जागेला, मग ती भरलेली असो, राखीव असो, वाटेत गेलेली असो किंवा खडक लागल्याने खोदता न येणारी असो, स्वतःची नोंद असावी. ‘मोकळी’ हीसुद्धा एक नोंद आहे आणि तीही पुराव्यानेच करायची असते.

पायरी १: आहे ते सगळे एकत्र करा, पण दुरुस्त काहीही करू नका

सुरुवात नव्या तक्त्याने करण्याचा मोह होतो. तो टाळावा. आधी कार्यालयात, कपाटात, रखवालदाराच्या खोलीत आणि माजी कर्मचाऱ्यांकडे असलेले सर्व कागद गोळा करावेत. त्यात दफन नोंदवह्या, जागेच्या हक्काची पत्रे, पावतीपुस्तकांची स्थळप्रत, खोदाईचे आदेश, दगड बसवण्याचे परवाने, पत्रव्यवहार आणि नकाशाच्या सर्व आवृत्त्या येतात. पावतीपुस्तकाकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात वही नंतर सवडीने भरली जाते आणि पावती मात्र त्याच दिवशी फाडली जाते, म्हणून दोहोंत फरक आढळला तर पावती अधिक विश्वासार्ह ठरण्याची शक्यता मोठी असते.

कागद हाताळताना फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून शाईसकट कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन करताना दिलेली उष्णता व चिकटलेला प्लॅस्टिकचा थर मूळ कागदाला इजा न करता काढणे जवळजवळ अशक्य असते. प्रत्येक पान ३०० ते ४०० डीपीआयवर (दर इंचातील ठिपक्यांची संख्या) रंगीत स्कॅन करावे, कारण लाल शाईची खूण आणि पेन्सिलीची टीप काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये हरवते. स्कॅनची मूळ प्रत टिफ या, तपशील न गमावणाऱ्या, फाइल स्वरूपात जपून ठेवावी आणि रोजच्या वापरासाठी पीडीएफ करावी. कोरी पाने, मुखपृष्ठाची आतली बाजू आणि शेवटचे पुठ्ठेही स्कॅन करावेत. आद्याक्षरांचा खुलासा, गटांची जुनी नावे किंवा ‘वहीतील पान ४० नंतर क्रम बदलला’ अशी निर्णायक टीप बहुधा तिथेच लिहिलेली असते.

फाइलचे नाव ठरवताना वहीचा क्रमांक आणि पान क्रमांक त्यात यावा, उदाहरणार्थ ‘वही०२_पान०४७’. पुढे कोणत्याही नोंदीचा उगम दाखवायचा झाला की हेच नाव संदर्भ म्हणून वापरता येते.

याच टप्प्यावर एक काम लगेच हाती घ्यावे, कारण त्याला मुदत असते. अनेक वर्षे खोदाई करणाऱ्या कामगारांच्या स्मरणात पुष्कळ नोंदी असतात आणि ते निवृत्त झाले की त्या जातात. त्यांना ओळीओळीने फिरवावे, ते सांगतील ते लिहून घ्यावे आणि कोणी, कोणत्या तारखेला, कुठे उभे राहून सांगितले हेही टिपावे. स्मरण हा पुरावाच आहे, फक्त त्याची जात वेगळी आहे, म्हणून तो वहीतील नोंदीत मिसळू न देता वेगळा नोंदवावा.

पायरी २: क्रमांकाची पद्धत एकदाच ठरवा

जागेचा पत्ता गट, ओळ आणि जागा अशा तीन भागांचा असावा. ही पद्धत कसोटीला उतरलेली आहे. १९१७ साली स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धकबर आयोग आजही आपल्या मोठ्या दफनभूमींत गटासाठी रोमन अंक, ओळीसाठी अक्षर आणि कबरीसाठी साधा अंक वापरतो. तीन भाग तीन वेगवेगळ्या प्रकारच्या चिन्हांनी लिहिल्यामुळे क्रम उलटसुलट झाला तरी पत्ता कळतो, हे त्या पद्धतीचे खरे बळ आहे.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी अक्षरे निवडताना थोडे थांबावे. हस्ताक्षरात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांची गल्लत होते, आणि ‘ख’ सुटा लिहिला की ‘रव’ वाचला जातो. अंकांत ‘१’ आणि ‘९’ घाईत सारखे दिसतात, शिवाय देवनागरी ‘४’ हा इंग्रजी आठासारखा दिसत असल्याने एकाच वहीत दोन्ही लिप्यांचे अंक असतील तर घोळ ठरलेलाच. त्यामुळे ओळींसाठी ‘अ, ब, क, ड’ यांसारखी निःसंदिग्ध अक्षरे घ्यावीत, किंवा सरळ अंक वापरावेत, आणि संपूर्ण दफनभूमीसाठी एकच अंकलिपी ठरवावी.

जुने क्रमांक विचित्र असले तरी बदलू नयेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे. लोकांच्या घरातील हक्कपत्रांवर, पावत्यांवर आणि काही वेळा दगडावरही जुनाच क्रमांक कोरलेला असतो. फेरक्रमांक देणे अगदीच अटळ असेल, तर जुना क्रमांक वेगळ्या रकान्यात कायम ठेवावा आणि शोध दोन्ही क्रमांकांनी घेता यावा. मोजणी कुठल्या टोकाकडून आणि कोणत्या दिशेने सुरू होते, हे प्रत्येक गटासाठी वाक्यात लिहून ठेवावे. ‘ओळ ७ ची मोजणी वाटेच्या कडेपासून पूर्वेकडे’ एवढे एक वाक्य नसल्याने काय होते, ते पुढे चौथ्या पायरीत पाहू.

पायरी ३: जमिनीची पाहणी

नकाशा कागदावर कितीही सुबक असला तरी जमिनीवर जाऊन मोजल्याशिवाय त्यावर विसंबू नये. या कामाला किमान दोन माणसे लागतात: एक मोजतो व वाचून दाखवतो, दुसरा लिहितो व परत वाचून दाखवतो.

मोबाइलच्या जीपीएसने प्रत्येक कबरीचे स्थान नोंदवावे असे सहज सुचते, पण ते पुरेसे नाही. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या मोबाइलची अचूकता साधारण ३ ते ५ मीटर असते आणि झाडांखाली ती आणखी घसरते, तर एका कबरीची रुंदी जेमतेम एक मीटरच्या आसपास असते. म्हणजे मोबाइल आपल्याला योग्य ओळीजवळ नेईल, योग्य कबरीवर नेईलच असे नाही. आरटीके पद्धतीचा, म्हणजे उपग्रहाच्या संकेतांतील चूक जवळच्या स्थिर केंद्राच्या मदतीने दुरुस्त करणारा, रिसीव्हर काही सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान देतो, आणि तो भाड्याने किंवा भूमापकाकडून काही दिवस मिळाला तर गटांचे कोपरे त्याने नक्की करून घ्यावेत. अक्षांश-रेखांश लिहिताना किमान सहा दशांश स्थळे ठेवावीत, कारण अक्षांशाच्या पाचव्या स्थळातील एका अंकाचा फरक सुमारे १.१ मीटर, तर सहाव्या स्थळातील फरक सुमारे ११ सेंटिमीटर असतो.

यंत्र नसेल तरी फीत, दोरी आणि खुंट्या यांवर उत्तम काम होते. गटाच्या एका कडेला पक्की आधाररेषा आखावी, तिच्या दोन्ही टोकांना काँक्रीटमध्ये लोखंडी खुणा गाडाव्यात आणि इमारतीचा कोपरा किंवा विहिरीचा कठडा अशा न हलणाऱ्या वस्तूंपासून त्या खुणांची अंतरे लिहून ठेवावीत. आधाररेषेला काटकोन काढण्यासाठी गवंडी वापरतात तीच ३-४-५ ची रीत पुरते: एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर आणि त्यांच्या टोकांमधील कर्ण बरोबर ५ मीटर भरला की कोन काटकोन असतो. ओळीतील अंतरे मोजताना फितीचे शून्य प्रारंभबिंदूवरच ठेवून पुढे सलग वाचन घ्यावे. प्रत्येक जागा आधीच्या जागेपासून मोजत गेलो आणि दर वेळी एक सेंटिमीटरची चूक एकाच दिशेने झाली, तर साठाव्या जागेपर्यंत ती ६० सेंटिमीटर होते, म्हणजे अर्ध्या कबरीहून अधिक.

दगडावरील मजकूर उतरवताना जे कोरले आहे तेच लिहावे, चूक दिसली तरी. जीर्ण अक्षरे वाचण्यासाठी खडू घासणे, दाढीचा फेस लावणे, तारेचा ब्रश वापरणे किंवा ब्लीच ओतणे या सर्व गोष्टी दगडाला कायमची इजा करतात. त्याऐवजी प्रकाश तिरका पाडावा. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात फोटो घ्यावा, अथवा मोठा आरसा धरून दगडाच्या कडेने ऊन फिरवावे. समोरून सपाट दिसणाऱ्या दगडावर कडेने प्रकाश पडला, की खोबणीत सावली उभी राहते आणि जे वर्ष ‘१८८८’ वाटत होते ते ‘१८८३’ असल्याचे दिसते. प्रत्येक फोटोत जागेचा क्रमांक लिहिलेली पाटी असावी आणि दुसरा फोटो असा घ्यावा, की शेजारच्या दोन्ही कबरी त्यात दिसतील.

दगड नसलेल्या जागांकडे दगड असलेल्यांपेक्षा जास्त वेळ द्यावा. जमीन लांबट आकारात किंचित खचलेली असणे, तिथले गवत वेगळ्या उंचीचे किंवा वेगळ्या रंगाचे असणे, ओळीतील अंतराच्या हिशेबाने तिथे जागा असायलाच हवी असणे, या खाली दफन असल्याच्या खुणा असू शकतात. उलट बाजूही लक्षात ठेवावी: दगड आहे म्हणून त्याखाली दफन आहेच असे नाही. काही दगड इतरत्र अंत्यविधी झालेल्यांच्या स्मरणार्थ बसवलेले असतात, काही पडल्यावर चुकीच्या जागी पुन्हा उभे केलेले असतात आणि काही डोक्याकडे नसून पायाकडे असतात. जमिनीत न खोदता पाहण्यासाठी भूभेदी रडार वापरता येते. ते मातीतील विस्कळीत थर दाखवते, पण चिकणमातीच्या किंवा क्षारयुक्त ओल्या जमिनीत त्याचे संकेत लवकर विरतात, आणि खाली कोण आहे हे ते कधीच सांगत नाही. रडारवर काही दिसले नाही, या एकाच आधारावर जागा मोकळी ठरवू नये.

पायरी ४: तिन्हींचा मेळ

आता हाती तीन स्वतंत्र साक्षी आहेत: लिखित नोंदी, नकाशा आणि जमीन. प्रत्येक जागेसाठी त्या शेजारी शेजारी मांडून दर्जा द्यायचा. मी चार दर्जे पुरेसे मानतो. तिन्ही साक्षी जुळल्या तर ‘निश्चित’, दोन जुळल्या आणि तिसरी गप्प असली तर ‘संभाव्य’, साक्षी एकमेकींच्या विरुद्ध असल्या तर ‘विसंगत’ आणि पुरावाच नसेल तर ‘अज्ञात’. या चारांत ‘मोकळी’ हा शब्द मुद्दाम घेतलेला नाही. दर्जा पुराव्याचा आहे, तर मोकळी, भरलेली किंवा राखीव ही जागेची अवस्था आहे. ‘निश्चित मोकळी’ असेच लिहिता आले तरच ती जागा कोणाला द्यावी.

हे काम किती मोठे असू शकते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीचे आहे. २०१० साली तिथल्या लष्करी चौकशीत नकाशा आणि प्रत्यक्ष कबरी यांत किमान २११ विसंगती आढळल्या. त्यानंतर सैनिकांनी सुमारे २,६०,००० कबरींचे दगड आणि अस्थिकोनाडे एकेक करून छायाचित्रित केले आणि ती छायाचित्रे कागदी नोंदींशी ताडून पाहिली गेली. गावच्या दफनभूमीचा आकार याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही नसेल, पण पद्धत नेमकी हीच आहे.

विसंगती सोडवताना एकट्या कबरीकडे पाहू नये, संपूर्ण ओळ पाहावी. समजा, ओळ ७ मध्ये १९६२ सालचे एक दफन वहीत ०१८ क्रमांकावर आहे, पण वाटेपासून मोजत गेले की त्या व्यक्तीचा दगड ०१७ वर येतो. एका कबरीपुरता विचार केला तर ‘लिहिणाऱ्याची चूक’ म्हणून आपण वही दुरुस्त करून मोकळे होऊ. ओळीतील बाकीचे दगड तपासले, तेव्हा दिसले की १९७१ पूर्वीचा प्रत्येक दगड वहीपेक्षा एक क्रमांक कमी भरतो आणि त्यानंतरचे सगळे बरोबर जुळतात. जुना नकाशा आणि आजची वाट एकमेकांवर ठेवली की कारण उलगडते: त्या सुमारास वाट रुंद केली गेली आणि ओळीतील पहिली जागा तिच्यात गेली. जुन्या लोकांनी जुन्या कडेपासून मोजले, नव्यांनी नव्या कडेपासून.

आता यातील धोका पाहा. वहीत ०१७ समोर काहीच लिहिलेले नाही. कार्यालयातील माणूस ती जागा मोकळी समजून खोदाईचा आदेश देतो, कामगार आजच्या वाटेपासून मोजून सतराव्या जागेवर कुदळ मारतो आणि तिथे १९६२ पासून कोणीतरी विसावलेले असते. वही खोटी नव्हती, कामगाराची मोजणीही चुकली नव्हती. मोजणी कुठून सुरू करायची, हे वाक्य तेवढे कुठे लिहिलेले नव्हते.

मेळ घालताना मूळ नोंदीत खाडाखोड करू नये. जुनी नोंद काय होती, नवी काय ठरली, कोणत्या पुराव्यावरून, कोणी आणि कधी ठरवली, हे स्वतंत्र दुरुस्ती-वहीत लिहावे. उद्या आपलाच निष्कर्ष चुकीचा ठरला, तर मागे जाण्याची वाट शिल्लक असली पाहिजे.

पायरी ५: तक्ते कसे बांधावेत

एका लांब तक्त्यात सर्व काही भरण्याची सवय बहुतेक ठिकाणी असते आणि एका जागेत दुसरे दफन होईपर्यंत ती चालून जाते. त्यानंतर कोणी रकान्यात दोन नावे स्वल्पविरामाने लिहितो, कोणी जागेची ओळ दोनदा भरतो आणि एकूण जागांची संख्या वाढल्यासारखी दिसू लागते. म्हणून सुरुवातीपासूनच जागा, व्यक्ती, दफन, हक्क आणि स्मारक असे पाच तक्ते वेगळे ठेवावेत. जागेच्या तक्त्यात पत्ता, मापे, अवस्था आणि पुराव्याचा दर्जा असतो. दफन हा व्यक्ती आणि जागा यांना जोडणारा प्रसंग आहे, त्यामुळे दिनांक, खोली, थर, शवपेटी की अस्थिकलश, आणि पुढे अवशेष हलवले गेले असतील तर तेही त्याच तक्त्यात येते. स्मारक वेगळे ठेवण्याचे कारण वर आलेच आहे: दगड आणि दफन नेहमी एकाच ठिकाणी नसतात.

खोलीची नोंद फार महत्त्वाची आहे, कारण त्याच जागेत पुढचे दफन शक्य आहे की नाही हे तिच्यावर ठरते. इंग्लंड आणि वेल्समधील स्थानिक प्राधिकरणांच्या दफनभूमींना लागू असलेल्या १९७७ च्या आदेशानुसार शवपेटीचा कोणताही भाग जमिनीच्या पातळीपासून ३ फुटांपेक्षा वर असता कामा नये, माती योग्य असेल तर ही मर्यादा २ फूट होते, आणि दोन शवपेट्यांमध्ये किमान ६ इंच मातीचा थर लागतो. आपल्या ठिकाणी लागू असलेला नियम पाहून त्यानुसार रकाना आखावा, पण मोजलेली खोली अंकातच लिहावी. ‘नेहमीप्रमाणे’ किंवा ‘पुरेशी’ अशा शब्दांचा वीस वर्षांनी काहीही उपयोग होत नाही.

तारखांच्या बाबतीत मृत्यूचा दिनांक, दफनाचा दिनांक आणि नोंद केल्याचा दिनांक हे तीन वेगळे रकाने हवेत. तारीख ‘१९६२-०३-०५’ अशी वर्ष-महिना-दिवस क्रमाने लिहिली तर दिवस कोणता आणि महिना कोणता, हा वाद उरत नाही व क्रमवारी आपोआप नीट लागते. फक्त वर्षच माहीत असेल तर फक्त वर्षच लिहावे. रकाना भरायचा म्हणून १ जानेवारी टाकणे म्हणजे अज्ञानाला माहितीचा वेश देणे होय.

एक्सेल वापरणाऱ्यांनी दोन सापळे ओळखून असावे. एक्सेल १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून स्वीकारत नाही, त्यामुळे जुन्या दफनभूमीच्या नोंदी अर्ध्या तारीख आणि अर्ध्या मजकूर अशा होऊन बसतात आणि क्रमवारी बिघडते. दुसरा सापळा जागेच्या क्रमांकाचा आहे. इंग्रजी अंकांत ‘३-१२’ असे लिहून एंटर मारले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते, आणि ‘०१८’ मधले सुरुवातीचे शून्य गळून जाते. हे दोन्ही रकाने डेटा भरण्याआधीच ‘मजकूर’ प्रकारचे करून ठेवावेत.

नावासाठी दोन रकाने ठेवावेत: एकात मूळ कागदावर जसे आहे तसे, दुसऱ्यात शोधासाठी प्रमाणित रूप. ऱ्हस्व-दीर्घाचे आणि अनुस्वाराचे फरक तर डोळ्यांना दिसतात, पण काही फरक दिसतही नाहीत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या अक्षरांना संगणकात ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) एक अखंड अक्षर म्हणून लिहिता येते आणि ‘अ’ला चंद्र जोडूनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी वाटतात. त्यामुळे ‘ॲना’ असे शोधले तर अर्ध्या नोंदी सापडतच नाहीत आणि समोरच्या कुटुंबाला आपण ‘अशी नोंद नाही’ असे सांगून मोकळे होतो. प्रमाणित रकान्यात एकच पद्धत पाळावी. डेटा जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणून, नमुन्यादाखल पाने मूळ कागदाशी ताडून मगच पुढे जावे.

पायरी ६: नव्या दफनाच्या दिवशीची शिस्त

जुनी नोंद कितीही नीट लावली, तरी आज होणारे दफन नीट लिहिले गेले नाही तर तीच दुरवस्था परत येते. या दिवशी कुटुंब दुःखात असते, वेळ कमी असतो आणि सगळ्यांना घाई असते. नेमकी म्हणूनच पद्धत आधी ठरलेली असावी आणि कोणाच्याही सांगण्यावरून ती मोडू नये.

अर्ज आणि आवश्यक परवाने तपासल्यावर जागेची नोंद उघडावी आणि तिचा दर्जा ‘निश्चित’ आहे याची खात्री करावी. त्यानंतर लेखी खोदाई-आदेश काढावा, ज्यावर संपूर्ण पत्ता, दोन्ही बाजूंच्या शेजारच्या कबरींवरील नावे, खोली आणि छोटा रेखाचित्र-नकाशा असेल. शेजारच्या नावांचा हा आग्रह मी फार महत्त्वाचा मानतो. आकडा चुकीचा वाचला जाऊ शकतो, पण आदेशावर डावीकडे एक नाव लिहिलेले असेल आणि डावीकडच्या दगडावर दुसरेच असेल, तर कामगार कुदळ खाली ठेवून विचारायला येतो. जागेवर खुंटी ठोकणारा आणि ती तपासणारा ही दोन वेगळी माणसे असावीत, आणि दोघांनी आदेशावर सही करावी. फोनवरून सांगितलेला क्रमांक खोदाईसाठी कधीही ग्राह्य धरू नये.

खोदताना अनपेक्षित काही लागले, मग ते लाकडाचे अवशेष असोत, खडक असो किंवा पाण्याचा झरा, तर काम तिथेच थांबवून ते त्याच वेळी लिहावे. मानवी अवशेष दिसले तर ते सन्मानाने पुन्हा झाकावेत आणि लागू असलेल्या कायद्यानुसार पुढची कार्यवाही होईपर्यंत त्या जागेला हात लावू नये. दफन झाल्यावर त्याच दिवशी प्रत्यक्ष खोली मोजून नोंद पूर्ण करावी, तात्पुरती क्रमांकपट्टी लावावी आणि फोटो काढावा. ‘दगड बसला की लिहू’ असे म्हणून सोडलेली जागा काही कुटुंबांच्या बाबतीत कायमचीच विनाखुणेची राहते, कारण दगड बसवणे सर्वांना जमतेच असे नाही.

कागदी वहीत चूक झाली तर पांढरी शाई लावू नये. एका रेषेने मूळ मजकूर वाचता येईल असा खोडून वर दुरुस्ती, तारीख आणि आद्याक्षरे लिहावीत.

पायरी ७: हक्क आणि वारस

जागेचा हक्क असलेली व्यक्ती आणि जागेत दफन झालेली व्यक्ती या वेगळ्या असू शकतात, आणि हक्क म्हणजे सहसा जमिनीची मालकी नसून तिथे दफन करण्याचा व दगड बसवण्याचा अधिकार असतो. हा फरक हक्कपत्रावर स्पष्ट शब्दांत छापलेला असावा. हक्काची मुदत असेल तर सुरुवात आणि शेवट दोन्ही तारखा लिहाव्यात. वर उल्लेख केलेल्या १९७७ च्या आदेशात, उदाहरणार्थ, असा अनन्य हक्क जास्तीत जास्त १०० वर्षांसाठीच देता येतो. हक्कदार वारल्यावर हक्क कोणाकडे गेला हे लेखी पुराव्याशिवाय बदलू नये, आणि भावंडांत वाद असेल तर नोंदीवर ‘वादग्रस्त’ असा शेरा मारून कागदपत्रे येईपर्यंत नवी खोदाई थांबवावी. न्यायनिवाडा करणे हे नोंद ठेवणाऱ्याचे काम नाही. त्याच्याकडे कोणता कागद कधी आला, एवढे त्याने निःपक्षपातीपणे सांगता आले पाहिजे.

पायरी ८: कोणाला काय दाखवावे

नाव, दफनाचा दिनांक आणि जागेचा पत्ता शोधणाऱ्यांना सहज मिळावा. हक्कदारांचे फोन क्रमांक, पत्ते, मृत्यूचे कारण आणि वादाचे कागद मात्र कार्यालयापुरतेच ठेवावेत, कारण ते जिवंत माणसांना स्पर्श करतात. अर्भकांच्या कबरींबाबत चौकशी आली तर ती कोणी केवळ माहितीसाठी विचारत आहे असे गृहीत न धरता शांतपणे, शक्य तर स्वतः सोबत जाऊन, जागा दाखवावी. अनेक आईवडिलांना ती जागा अनेक वर्षांनी पहिल्यांदा दिसत असते.

पायरी ९: जतन आणि वार्षिक पडताळणी

डिजिटल नोंदीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतली एक दफनभूमीच्या आवाराबाहेर असावी. सॉफ्टवेअर कोणतेही घेतले तरी सर्व डेटा सीएसव्ही, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या, स्वरूपात बाहेर काढता येतो ना, हे खरेदीआधी विचारावे, आणि केवळ विचारून न थांबता समोर काढून दाखवायला सांगावे. राखीव प्रत वर्षातून एकदा तरी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर भिस्त ठेवता येत नाही. याखेरीज दरवर्षी संपूर्ण नोंद आणि नकाशा आम्लविरहित कागदावर छापून बांधून ठेवावा, कारण वीज, पासवर्ड आणि कंपनी यांपैकी काहीही नसताना तोच एक वाचता येतो.

पडताळणीसाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवावा. नोंदींतून कोणत्याही ३० जागा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि त्या जमिनीवर शोधाव्यात. मग उलट करावे: दफनभूमीत फिरून मनात येतील तशा ३० जागा निवडाव्यात आणि त्या नोंदींत शोधाव्यात. या दुसऱ्या फेरीत दगड नसलेल्या जागा जास्त घ्याव्यात. एका फेरीत बरोबर आणि दुसऱ्या फेरीत चूक, असे निकाल आले तर चूक कोणत्या बाजूला साचते आहे ते कळते. एक जागा जरी जुळली नाही, तरी त्या ओळीतील सर्व जागांचा दर्जा त्याच दिवशी ‘विसंगत’ करावा आणि ओळ पुन्हा आधाररेषेपासून मोजून होईपर्यंत तिथे खोदाईचा आदेश काढू नये.